मूलपेशींना टेंडनच्या दिशेने वळवणारे नॅनोतंतू: पीसीएल-जिलेटिनची प्रयोगशाळेतली कृती

मेसेन्कायमल मूलपेशी (हाड, चरबी, कूर्चा यांच्या पेशींत बदलू शकणारी पेशी) पुढे कशाची बनणार हे फक्त मिडियातल्या, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवातल्या, रसायनांवर ठरत नाही. ती ज्याला चिकटून बसते तो पृष्ठभाग किती कडक आहे, त्यावरचे उंचवटे केवढे आहेत, चिकटायला मिळणाऱ्या जागा एकमेकींपासून किती लांब आहेत, हे सगळं तिला जाणवतं. २००६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या गटाने दाखवलं की १ किलोपास्कलहून (किलोपास्कल हे कडकपणाचं माप) मऊ जेलवर या पेशी चेतापेशींसारख्या, ८ ते १७ किलोपास्कलवर स्नायुपेशींसारख्या आणि २५ ते ४० किलोपास्कलवर हाडाच्या पेशींसारख्या वागू लागतात. २००७ साली ग्लासगोच्या गटाने १२० नॅनोमीटर रुंद आणि १०० नॅनोमीटर खोल खड्ड्यांची रांग घेतली, मधलं अंतर सरासरी ३०० नॅनोमीटर ठेवलं आणि प्रत्येक खड्डा ५० नॅनोमीटरपर्यंत इकडेतिकडे सरकवला. एवढ्याशा विस्कटण्याने, हाडासाठी लागणारी कुठलीही पूरक द्रव्यं न घालता, पेशी हाडाकडे वळल्या.

हे वाचलं की वाटतं, हवा तो आकडा निवडावा आणि स्कॅफोल्ड, म्हणजे पेशींना वाढायला आधार देणारा सांगाडा, बनवावा. अडचण अशी की नॅनोपातळीवर एक गोष्ट बदलली की बरोबर आणखी दोन-तीन बदलतात. तंतूचा व्यास निम्मा केलात तर त्याचा वाकण्याला होणारा विरोध सोळा पटींनी कमी होतो, कारण तो व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. शिवाय पृष्ठफळ वाढतं, म्हणून सीरममधली (मिडियात घालतात त्या रक्तातल्या द्रवामधली) जास्त प्रथिनं चिकटतात. मग पेशी बदलली ती व्यासामुळे, मऊपणामुळे की प्रथिनांमुळे? टायटेनियमच्या नॅनोनळ्यांबाबत नेमकं हेच झालं. एका गटाला १५ नॅनोमीटरच्या नळ्या मूलपेशींसाठी सर्वांत चांगल्या वाटल्या, तर दुसऱ्या गटाला हाडाकडे नेणाऱ्या नळ्या ७० ते १०० नॅनोमीटरच्या मिळाल्या. व्यासाच्या आकड्यावरून नळीच्या पृष्ठभागाचं रसायन आणि स्फटिकरचना कळत नाही, आणि पेशीला त्याही जाणवतात.

म्हणून खालची सगळी कृती एका नियमावर बांधली आहे: द्रावणातल्या पॉलिमरांचं आपसातलं प्रमाण एकच, व्यास शक्यतो एकच, बदलायची ती फक्त तंतूंची दिशा. लक्ष्य टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर), कारण खऱ्या टेंडनमध्ये कोलाजेनचे तंतू एकमेकांना समांतर असतात. दिशा हा तिथला अस्सल संकेत आहे, आपण वरून लादलेला नव्हे.

काय काय बनवायचं

पीसीएल (पॉलिकॅप्रोलॅक्टोन हे पॉलिमर) आणि जिलेटिन यांच्या द्रावणापासून तीन पृष्ठभाग लागतील: समांतर तंतूंची चटई, त्याच द्रावणाची विस्कळीत तंतूंची चटई आणि त्याच द्रावणाचा सपाट थर. सपाट थर बहुतेक जण टाळतात आणि त्याच्या जागी कल्चर प्लेटचं प्लॅस्टिक वापरतात. प्लॅस्टिकचं रसायन वेगळं, त्यामुळे ती तुलना तंतूंच्या आकाराबद्दल काहीच सांगत नाही. प्लॅस्टिकवरची पेशी ठेवा, पण फक्त पेशींची तब्येत ठीक आहे का ते बघायला.

सपाट थर काचेच्या गोल कव्हरस्लिपवर स्पिन-कोटरने (गरगर फिरवून द्रावणाचा पातळ थर पसरवणाऱ्या यंत्राने) मिनिटाला २००० फेऱ्यांवर चढवा. द्रावण नुसतं ओतून सावकाश सुकू दिलं तर जिलेटिन आणि पीसीएल वेगळे होऊन जिलेटिनची बेटं तयार होतात. मग तो थर सपाट असला तरी एकसारखा राहत नाही.

द्रावण

१० मिली ट्रायफ्लुओरोइथेनॉलमध्ये ०.७ ग्रॅम पीसीएल (रेणुभार ८०,००० च्या आसपासचं) आणि ०.३ ग्रॅम जिलेटिन टाइप ए, ३०० ब्लूम (जिलेटिनच्या जेलच्या ताकदीचं माप), घाला. घट्ट बुचाच्या काचेच्या बाटलीत, खोलीच्या तापमानाला, चुंबकीय ढवळणीवर रात्रभर ठेवा. सकाळी द्रावण दुधट दिसेल, कारण ही दोन पॉलिमर एकमेकांत नीट मिसळत नाहीत. तसंच वापरलं तर पहिल्या तासाचे तंतू आणि तिसऱ्या तासाचे तंतू वेगळ्या रचनेचे निघतात, कारण सिरिंजमध्येच थर सुटत जातो. यावर उपाय साधा आहे: २० मायक्रोलिटर ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड, म्हणजे ०.२ टक्के. अर्धा तास ढवळल्यावर द्रावण स्वच्छ होतं. झालं नाही तर ते पुढे नेऊ नका. बहुधा जिलेटिन ओलं असतं. बाटली उघडी राहिली की ते हवेतलं पाणी ओढतं, मग वजनही खोटं पडतं. वापरण्यापूर्वी जिलेटिन व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये एक दिवस ठेवणं इष्ट.

ट्रायफ्लुओरोइथेनॉल ज्वलनशील आहे, डोळ्यांना गंभीर इजा करतं आणि प्रजननसंस्थेलाही घातक आहे. सगळं काम फ्यूम हूडमध्ये, योग्य हातमोजे आणि गॉगल घालून करा. पातळ लेटेक्स हातमोज्यांवर विसंबू नका. द्रावण दोन दिवसांत संपवा. ॲसिडमुळे पीसीएलच्या साखळ्या हळूहळू तुटतात आणि आठवड्याभराने त्याच बाटलीतून बारीक, मणीदार तंतू येऊ लागतात.

तंतू ओढणं

ही इलेक्ट्रोस्पिनिंगची पद्धत: उच्च व्होल्टेजने सुईतल्या द्रावणाची धार ओढायची आणि तंतू फिरत्या ड्रमवर गोळा करायचे. ५ मिलीच्या सिरिंजला २२ गेजची बोथट सुई लावा. पंपाचा वेग ताशी ०.८ मिली, सुईपासून ड्रमपर्यंतचं अंतर १४ सेंमी, व्होल्टेज १२ किलोव्होल्टपासून सुरू करून अर्ध्या-अर्ध्या किलोव्होल्टने वाढवत न्या. सुईच्या टोकावर छोटा स्थिर शंकू आणि त्यातून निघणारी एकच सलग धार दिसली की थांबा. बहुधा १३ ते १६ च्या मध्ये ती सापडते. शंकू सुईच्या आत ओढला गेला तर व्होल्टेज जास्त झालंय. थेंब लोंबकळून पडत असेल तर पंपाचा वेग कमी करा.

दिशा ठरते ती ड्रमच्या पृष्ठवेगावर. १० सेंमी व्यासाचा ड्रम मिनिटाला २००० फेऱ्या फिरला तर त्याचा पृष्ठभाग सेकंदाला साधारण १०.५ मीटर वेगाने धावतो आणि येणारा तंतू ओढून सरळ घेतो. फक्त फेऱ्यांचा आकडा नोंदवून काही उपयोग नाही, ड्रमचा व्यास वेगळा असला की सगळं बदलतं. नोंदवहीत पृष्ठवेग लिहा. विस्कळीत चटईसाठी त्याच ड्रमवर १०० फेऱ्या ठेवा, म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर. वेग वाढवत गेलं की सरळपणा वाढतच जातो असं मात्र नाही. खूप वेगावर ड्रमभोवतीची हवा तंतूंना उडवते आणि तंतू ताणून बारीक होतात किंवा तुटतात.

ताण पडल्यामुळे समांतर तंतू विस्कळीत तंतूंपेक्षा थोडे बारीक निघतात, आणि ही खरी अडचण आहे. वर म्हटलेला चौथा घात आठवा: २० टक्के व्यास कमी झाला तर वाकण्याचा विरोध निम्म्याहूनही खाली जातो. म्हणून विस्कळीत चटईचं द्रावण किंचित पातळ करून, १० ऐवजी ९ किंवा ९.५ टक्के, दोन्हींचे व्यास जुळवून घ्या. हे न करता काढलेला ‘समांतर विरुद्ध विस्कळीत’ असा निष्कर्ष आम्ही ग्राह्य धरत नाही.

तीन तास चालवलं की २.४ मिली द्रावण, म्हणजे ०.२४ ग्रॅम पॉलिमर जातं. १० सेंमी रुंदीच्या त्या ड्रमचं क्षेत्रफळ ३१४ चौ. सेंमी, म्हणजे चौ. सेंमीला पाऊण मिलिग्रॅम. ८० टक्के पोकळी धरली तर ३० मायक्रोमीटरच्या आसपास जाडी येते. काही तंतू बाहेर उडतात, म्हणून प्रत्यक्षात थोडी कमीच मिळते. हाताळायला एवढी पुरते. ड्रमवर आधी ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा आणि उतरवण्यापूर्वी फॉइलवर मार्करने तंतूंच्या दिशेचा बाण काढा. हे विसरलात तर पांढऱ्याशुभ्र चटईकडे डोळ्यांनी बघून दिशा ओळखता येत नाही.

मशीन बंद केल्यावर सुई आणि ड्रम, दोन्हींना अर्थिंगची दांडी लावल्याशिवाय हात लावू नका. मग चटई ४८ तास व्हॅक्यूममध्ये ठेवा. उरलेलं द्रावक पेशी मारतं, आणि वासावरून ते गेलं की नाही हे कळत नाही.

पावसाळा आणि इतर बिघाड

मुंबई, कोकण आणि गोव्यात जून ते सप्टेंबर सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज जाते. त्या हवेत जिलेटिन धारेतच पाणी शोषतं, तंतू नीट सुकत नाहीत आणि ड्रमवर एकमेकांना चिकटून जाळीऐवजी पापुद्रा होतो. चेंबरमध्ये आर्द्रता ३५ ते ४५ टक्के आणि तापमान २३ ते २६ °से. हवं. खोलीचा एसी एकट्याने पुरत नाही. चेंबरला वेगळा डीह्युमिडिफायर लावा आणि आर्द्रतामापक सुईजवळ ठेवा, दाराजवळ नव्हे. उलट हिवाळ्यात पुण्या-नागपूरकडे आर्द्रता २५ टक्क्यांखाली गेली की सुईच्या टोकावर द्रावण सुकून खडा बनतो आणि धार दर पाच मिनिटांनी तुटते. दर वेळी टोक ट्रायफ्लुओरोइथेनॉलने भिजवलेल्या कापसाने पुसावं लागतं, अर्थात व्होल्टेज बंद करून.

सूक्ष्मदर्शकाखाली तंतूंवर मणी दिसले तर द्रावण पातळ आहे किंवा पीसीएलचा रेणुभार घटलाय. पट्टीसारखे चपटे तंतू दिसले तर द्रावण फार दाट आहे: बाहेरची कातडी आधी सुकते आणि आतलं द्रावक नंतर निघताना नळी बसते. तंतू एकमेकांना वितळल्यासारखे जोडलेले असतील तर अंतर दोन सेंमीने वाढवा किंवा पंप कमी करा. एकाच चटईत जाड आणि अगदी बारीक असे दोन प्रकारचे तंतू आले तर धार फुटते आहे, व्होल्टेज उतरवा.

क्रॉसलिंक

क्रॉसलिंक म्हणजे जिलेटिनच्या साखळ्या एकमेकींना रासायनिक बंधांनी जोडणं. इथे सर्वांत जास्त चटया वाया जातात. क्रॉसलिंक न केलेल्या चटईतलं जिलेटिन ३७ °से. च्या मिडियात विरघळून जातं, तंतू आक्रसतात आणि दोन दिवसांत पेशी नुसत्या पीसीएलवर बसलेल्या असतात.

ग्लुटारल्डिहाइडची वाफ स्वस्त आणि जलद, पण तिचे अवशेष पेशींना विषारी असतात आणि तिच्यामुळे चटई स्वतःच हिरवी-लाल चमकते, मग फ्लुओरेसन्सची चित्रं बिघडतात. ईडीसी आणि एनएचएस ही बंध जोडून देणारी द्रव्यं वापरा. ५० मिली ९० टक्के इथेनॉलमध्ये ईडीसी हायड्रोक्लोराइड ४८० मिलिग्रॅम (५० मिलिमोलर) आणि एनएचएस ११५ मिलिग्रॅम (२० मिलिमोलर) विरघळवून त्यात चटई ४ °से. ला २४ तास बुडवा. इथेनॉल एवढं का, तर नुसत्या पाण्यात बंध तयार होण्याआधीच जिलेटिन फुगून तंतूंची रचना मोडते. १० टक्के पाणी मात्र हवंच, त्याशिवाय अभिक्रिया रेंगाळते. ईडीसीची बाटली उणे २० वरून काढल्यावर खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच उघडा. थंड बाटलीत दव जमलं की पुढच्या खेपेला ती निकामी झालेली असते.

जास्त ईडीसी म्हणजे जास्त चांगलं असं समजू नका. ईडीसी जे कार्बोक्सिल गट वापरतं, त्यांतलेच काही पेशींच्या इंटेग्रिनला (पेशी ज्याने चिकटते त्या प्रथिनाला) धरायला लागतात. इंटेग्रिन धरतं त्या आरजीडी या अमिनो आम्लांच्या क्रमातलं ‘डी’ म्हणजे ॲस्पार्टिक ॲसिड, तोच गट. प्रमाण वाढवत नेलं की चटई टिकाऊ होते आणि पेशी चिकटेनाशा होतात. तिन्ही पृष्ठभागांना, सपाट थरालाही, एकाच बॅचच्या द्रावणात क्रॉसलिंक करा.

तपासणी अशी: कोरडा तुकडा वजन करून पीबीएसमध्ये (क्षारांच्या बफर द्रावणात) ३७ °से. ला २४ तास ठेवा, डिस्टिल्ड पाण्याने धुवा, सुकवा, पुन्हा वजन करा. घट ३० टक्क्यांच्या जवळ आली तर सगळं जिलेटिन गेलंय, क्रॉसलिंक झालंच नाही. ५ टक्क्यांच्या आत असेल तर पुढे चला.

पेशींआधीची मोजणी

सोन्याचा पातळ थर देऊन स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ५ ते १० किलोव्होल्टवर बघा. पीसीएल ६० °से. ला वितळतं, त्यामुळे जास्त ऊर्जेची शलाका एका जागी रेंगाळली तर डोळ्यांदेखत तंतू फुगतो. ते माप धरू नका. चटईच्या तीन वेगळ्या जागांवरून मिळून किमान १०० तंतू इमेजजे या चित्रं मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये मोजा. या कृतीत सरासरी ४०० ते ७०० नॅनोमीटर अपेक्षित आहे. दिशेसाठी ओरिएंटेशनजे हे प्लगिन वापरा.

कोनांची सरासरी काढताना एक चूक सर्रास होते. १ अंश आणि १७९ अंश हे दोन तंतू जवळजवळ समांतर आहेत, पण त्यांची साधी सरासरी ९० येते. कोन दुप्पट करून, साइन-कोसाइनची सरासरी घेऊन, मग निम्मा करा. त्याहून सोपं माप म्हणजे मुख्य दिशेच्या दोन्ही बाजूंना २० अंशांच्या आत किती टक्के तंतू आहेत. पूर्ण विस्कळीत चटईत हे माप २२ टक्के यायला हवं, कारण ९० पैकी २० अंश. समांतर चटईत ८० च्या वर आलं तर चटई चांगली. विस्कळीत म्हटलेली चटई ३५ टक्के दाखवत असेल तर ती विस्कळीत नाही, ड्रमचा वेग आणखी उतरवा.

निर्जंतुक करणं आणि प्लेटमध्ये बसवणं

ऑटोक्लेव्ह अजिबात नाही, त्या उष्णतेत पीसीएल वितळतं. १५ मिमीच्या चकत्या कापा, ७० टक्के इथेनॉलमध्ये अर्धा तास ठेवा आणि निर्जंतुक पीबीएसने तीनदा, दर वेळी दहा मिनिटं, धुवा. यूव्ही दिव्यावर एकट्यावर विसंबू नका. तो वरच्या थरापुरता पोचतो, आणि तासन्‌तास ठेवला तर पॉलिमरच्या साखळ्या तोडतो. एकदा ओली केलेली चकती पुन्हा सुकू देऊ नका. सुकताना पाण्याचा पृष्ठताण शेजारच्या तंतूंना एकत्र खेचून त्यांचे जुडगे करतो, आणि मोजलेला व्यास कागदावरच राहतो.

चकती २४ कप्प्यांच्या प्लेटमध्ये ठेवून वरून निर्जंतुक स्टीलची किंवा सिलिकॉनची कडी दाबा. कडीशिवाय ती दुसऱ्या दिवशी तरंगते. प्लेट कमी चिकटणारी, अल्ट्रा-लो अटॅचमेंट प्रकारची घ्या. साध्या प्लेटमध्ये कडेने घसरलेल्या पेशी तळाच्या प्लॅस्टिकवर आरामात वाढतात आणि तुमच्या आरएनएमध्ये मिसळतात. मग रात्रभर पूर्ण मिडियात भिजवा. सीरममधलं फायब्रोनेक्टिन आणि व्हिट्रोनेक्टिन तंतूंवर आधी बसतात, आणि पेशी पहिल्यांदा धरते ती त्यांनाच.

जिलेटिन प्राणिजन्य असल्याने एंडोटॉक्सिनची, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातल्या विषारी द्रव्याची, चाचणी करा. मूलपेशी एंडोटॉक्सिनला प्रतिसाद देतात आणि त्यांचं दाहाशी संबंधित जनुकांचं वागणं बदलतं. ते चुकून तंतूंच्या खात्यावर जमा होतं. कमी एंडोटॉक्सिनचं जिलेटिन महाग पडतं, पण इथे काटकसर करू नये.

पेशी

अस्थिमज्जेतल्या मानवी मेसेन्कायमल पेशी, तिसऱ्या ते पाचव्या पॅसेजच्या (पॅसेज म्हणजे वाढलेल्या पेशी नव्या प्लेटमध्ये हलवण्याची एक खेप). त्यापुढे त्या पसरट, थकलेल्या होतात आणि आकाराचा संकेत कमी पाळतात. ओळखीचे निकष २००६ पासून ठरलेले आहेत: प्लॅस्टिकला चिकटणं, सीडी७३, सीडी९०, सीडी१०५ ही पृष्ठभागावरची प्रथिनं ९५ टक्के किंवा अधिक पेशींवर असणं, सीडी४५, सीडी३४, सीडी१४, सीडी१९ आणि एचएलए-डीआर २ टक्क्यांहून जास्त पेशींवर नसणं, आणि हाड, चरबी, कूर्चा या तिन्ही दिशांना वळता येणं.

भारतात हे काम सुरू करण्याआधी संस्थेच्या मूलपेशी संशोधन समितीची आणि नैतिकता समितीची मान्यता आणि दात्याची लेखी संमती लागते. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे स्पष्ट आहे. मान्यतेचे कागद हातात येईपर्यंत चटयांचं काम करून घ्या, त्याला पेशी लागत नाहीत.

चौ. सेंमीला ५,००० पेशी टाका. १५ मिमीच्या चकतीला साधारण ९,००० होतात. ५० मायक्रोलिटरच्या थेंबात त्या चकतीच्या मध्यावर सोडा, इनक्युबेटरमध्ये ४५ मिनिटं ठेवा आणि मग कडेने हळूच ४५० मायक्रोलिटर मिडिया घाला. दुप्पट-तिप्पट पेशी टाकण्याचा मोह आवरा, आरएनए जास्त मिळेल या आशेने तो होतो. गर्दी झाली की पेशी तंतूंपेक्षा शेजारणींकडे बघून आकार ठरवतात आणि समांतर-विस्कळीत यांतला फरक पुसला जातो. आरएनएसाठी तीन चकत्या एकत्र करा.

मिडिया: अल्फा-एमईएम, १० टक्के सीरम आणि ॲस्कॉर्बिक ॲसिड-२-फॉस्फेट मिलीला ५० मायक्रोग्रॅम. ॲस्कॉर्बेटशिवाय पेशीला नीट कोलाजेन बनवता येत नाही, म्हणून ते तिन्ही पृष्ठभागांना द्या. वेगळा एक गट मिलीला १० नॅनोग्रॅम टीजीएफ-बीटा३ हा वाढघटक घालून चालवा. हा गट पेशींना टेंडनकडे वळता येतं का एवढंच सांगतो. मुख्य गटात वाढघटक घालू नका, नाहीतर तंतूंचा वाटा दिसणार नाही. सगळ्या प्रयोगाला सीरमचा एकच लॉट वापरा.

पहिल्या चोवीस तासांत काय बघायचं

जनुकांपर्यंत जाण्याआधी आकार बघा, कारण इथेच प्रयोग चालला की नाही ते कळतं. ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये १५ मिनिटं, ०.१ टक्के ट्रायटनमध्ये १० मिनिटं, १ टक्का बीएसएमध्ये अर्धा तास, मग ॲक्टिन (पेशीच्या आतल्या सांगाड्याचं प्रथिन) रंगवायला फॅलॉइडिन आणि केंद्रक रंगवायला डॅपी. समांतर चटईवर पेशी सुयांसारख्या लांब, ॲक्टिनचे दोर तंतूंच्या दिशेने आणि केंद्रकही लांबट दिसायला हवं. केंद्रकांच्या कोनांनाही वरचंच २० अंशांचं माप लावा. तंतू ८५ टक्के समांतर आणि केंद्रकं फक्त ४० टक्के, असं आलं तर पेशी तंतूंना धरतच नाहीयेत. ईडीसीचं प्रमाण आणि प्रथिनांचं भिजवणं तपासा. पेशी गोल आणि पुंजक्यांत असतील तर बहुतेक द्रावक उरलंय.

यॅप हे पृष्ठभागाचा ताण जाणवला की केंद्रकात जाणारं प्रथिन केंद्रकात आहे की बाहेर, हे जरूर बघा, पण तुलना करताना पेशींची घनता सारखी असलेल्याच जागा निवडा. गर्दीत यॅप केंद्रकाबाहेर जातं, पृष्ठभाग कोणताही असो.

टेंडनकडे वळल्या का

तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी नमुने घ्या. टेंडनच्या जनुकांपैकी सुरुवातीची खूण स्क्लेराक्सिस, नंतरची टेनोमोड्युलिन. सोबत मोहॉक, टेनासिन-सी, कोलाजेन १ आणि ३. कोलाजेन १ एकट्यावर काही ठरवू नका, ते हाडाकडे जाणारी पेशीही बनवते. म्हणून रनएक्स२ आणि सॉक्स९ मोजून हाड आणि कूर्चेची वाट बंद आहे हे दाखवा. अल्फा-एसएमए वाढलेलं असेल तर पेशी व्रण बनवणाऱ्या मायोफायब्रोब्लास्टकडे चालल्या आहेत. टीजीएफ-बीटा३ च्या गटात हे बऱ्याचदा दिसतं. संदर्भासाठी, म्हणजे पातळी स्थिर राहणारं जनुक म्हणून, जीएपीडीएच एकटं न घेता आरपीएल१३ए आणि टीबीपी जोडीला घ्या.

आरएनए काढताना एक सापळा आहे. ट्रायझॉल पद्धतीत पुढे क्लोरोफॉर्म घालतात, आणि पीसीएल क्लोरोफॉर्ममध्ये सहज विरघळतं. चटई नळीतच राहिली तर मधल्या थरात चिकट लगदा तयार होतो आणि निम्मा आरएनए त्यात अडकतो. ग्वानिडीनवर चालणारं कॉलम किट वापरा: लायसिस द्रव चकतीवर घाला, पिपेटने चार-पाचदा खालीवर करा, द्रव काढून घ्या आणि चकती फेकून द्या.

दुसरा सापळा रंगांचा. सिरियस रेड कोलाजेन रंगवतं, आणि जिलेटिन म्हणजे कोलाजेनच. पेशी नसलेली चटईसुद्धा लालभडक होते. पेशींनी बनवलेलं कोलाजेन दाखवायचं असेल तर प्रोकोलाजेनच्या प्रोपेप्टाइडची प्रतिपिंडं वापरा, कारण तो तुकडा जिलेटिनमध्ये नसतो. हाच धोका नॅनो-हायड्रॉक्सिॲपेटाइट घातलेल्या हाडाच्या स्कॅफोल्डवर अलिझारिन रेड वापरताना असतो: कॅल्शियम आधीच तिथे आहे. पेशी किती वाढल्या हे मोजायला एमटीटी या रंगचाचणीपेक्षा डीएनएची मोजणी बरी, कारण एमटीटीचा जांभळा रंग चटईत मुरतो आणि पूर्ण बाहेर येत नाही.

पेशी चटईच्या वरच्याच थरात राहतील, याची तयारी ठेवा. या तंतूंमधल्या फटी काही मायक्रोमीटरच्या आणि निलंबित पेशी १५ ते २० मायक्रोमीटरची. जाड ऊतक हवं असेल तर दुसऱ्या सुईतून पॉलिइथिलीन ऑक्साइडचे तंतू सोबत ओढा. पुढे पाण्यात धुतल्यावर ते निघून जातात आणि मोकळी जागा राहते. मात्र तसं केलं की समांतर तंतू सैल होऊन दिशा बिघडते, म्हणून कोनांची मोजणी पुन्हा करावी लागते, आणि ती धुतलेल्या चटईवर. त्यासाठी ३०, ५०, ७०, ९०, १०० टक्के इथेनॉलमध्ये दहा-दहा मिनिटं ठेवून, शेवटी हेक्सामिथाइलडायसिलाझेनमधून काढून सुकवा, म्हणजे तंतूंचे जुडगे होत नाहीत.

एकाच चटईच्या तीन चकत्या आणि एकाच दात्याच्या पेशी म्हणजे तीन प्रयोग नव्हेत, तो एकच आहे. किमान तीन दाते आणि प्रत्येकासाठी वेगळ्या दिवशी ओढलेली चटई घ्या. दात्यादात्यांत स्क्लेराक्सिसची मूळ पातळीच इतकी वेगळी असते की सगळ्यांचे आकडे एकत्र सरासरीत टाकले तर खरा परिणामही दिसेनासा होतो. प्रत्येक दात्याची समांतर चटई त्याच दात्याच्या विस्कळीत चटईशी, जोडीजोडीने ताडून बघा. प्रत्येक बॅचची एक चकती, पेशी न टाकता, सिलिका जेलसोबत कोरडी राखून ठेवा आणि तिच्यावर तारीख, पृष्ठवेग, आर्द्रता, सरासरी व्यास आणि जिलेटिनचा लॉट लिहा.